तोंडात लवंग

परबकाका स्वतःला लेखक म्हणवायचे, आणि ते खोटं नव्हतं. "माझी पुस्तकं लाखभर घरांत पोचली," ते सांगत, "वाचली मात्र कोणीच नाहीत." ऐकणारा जरा ओशाळला की ते पिशवीतून जाडजूड फाइल काढत. मिक्सर, इस्त्री, प्रेशर कुकर यांच्या खोक्यात जी माहितीपत्रकं येतात, ती त्या फाइलीत एकेका प्लास्टिकच्या पाकिटात लावलेली असायची. मुलुंडला एलबीएस रस्त्यावर घरगुती उपकरणांचा एक कारखाना होता, तिथे त्यांनी तेहतीस वर्षं ही पत्रकं लिहिली. कारखाना गेला, आता तिथे टॉवर आहे. काका निवृत्त होऊन मुलुंड पूर्वेला राहत होते. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

आमची गाठ पडली ती 'कपाट'मुळे. 'कपाट' हे लहान वाचनालयांसाठी आम्ही आठ-दहा जणांनी बनवलेलं सॉफ्टवेअर. पुस्तकांची यादी, सभासद, कोणी काय नेलं आणि कधी परत केलं, एवढं ते सांभाळतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा सगळा कोड उघडा. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. मालक कोणी नाही आणि पगारही कोणाला नाही. आठवडाभर आम्ही आपापल्या नोकऱ्या करायचो, मी अंधेरीला प्रोग्रामर होते, आणि रविवारी सकाळी मुलुंडच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचो. घाटकोपरचा रोहन प्रकल्पाची व्यवस्था बघायचा. कोड बराचसा माझा. प्रकल्पाचा एक ब्लॉगही होता, त्यावर आम्ही आळीपाळीने लेख टाकायचो. ते लेख आज वाचले तर माझी कानशिलं तापतात. माझ्या मते ब्लॉग म्हणजे दारावरचं तोरण. असलं तर छान, नसलं तरी घर उभंच. काम म्हणजे कोड. हे मी मोठ्याने बोलायचे, कारण तेव्हा मला सगळंच मोठ्याने बोलायची खोड होती.

वाचनालयाच्या फळ्यावर आम्ही 'कार्यकर्ते हवेत' असा कागद लावला होता. तो वाचून परबकाका एका रविवारी आत आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. रोहनने विचारलं, कोडिंग येतं का. काका म्हणाले, "माका प्रोग्राम करूक येणा नाय. लोकांका समजावन सांगूक येता." मूळचे मालवणकडचे. एरवी आमच्याशी तुमच्या-आमच्यासारखंच बोलायचे, पण मुद्दा महत्त्वाचा असला की मालवणी वर यायची.

मी त्यांना माझा ताजा लेख दाखवला. 'कपाट' संगणकावर कसं बसवायचं, यावर होता. तीन तास खपून लिहिला होता आणि मला तो फार आवडला होता. काकांनी तो छापून मागितला, शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी चाचणी घेऊ."

चाचणी म्हणजे काय ते पुढच्या रविवारी कळलं. काकांनी सोबत त्यांच्या शेजारच्या सुधाताईंना आणलं होतं. सुधाताई कोर्टात टायपिस्ट होत्या, तिथूनच निवृत्त झालेल्या. बाई टापटीप आणि मितभाषी, संगणकाला अगदी नवख्या नव्हेत, पण आमच्या सॉफ्टवेअरचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. काकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, समोर माझा लेख ठेवला आणि सांगितलं, यात लिहिलंय तसं करा, आम्ही नाही आहोत असं समजा. मग ते स्वतः बाजूच्या स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबले. त्याआधी शर्टाच्या खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढून त्यातली लवंग तोंडात टाकली.

तिसऱ्या पायरीला सुधाताई भलत्याच ठिकाणी जाऊ लागल्या. मी म्हणाले, "अहो ताई, तिथे नाही, वर..." काकांनी मांडीखालून एक हात सोडवला, डबी उघडली आणि एक लवंग माझ्यापुढे धरली. मला वाटलं, पाहुणचार. घेतली. मग ते म्हणाले, "लवंग तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही. खोक्याबरोबर आपण जात नाही ना कोणाच्या घरी? कागदच जातो. मग कागदालाच बोलू दे."

मी गप्प बसले. पण पडद्याकडे बघत बसले, तर त्यांनी कोपराने ढोसलं आणि हनुवटीने सुधाताईंकडे खूण केली. पडद्याकडे नाही, चेहऱ्याकडे. हा त्यांचा दुसरा नियम. वाचणारा कुठे अडला ते त्याच्या बोटांना उशिरा कळतं, कपाळाला आधी. चौथ्या पायरीला सुधाताईंच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि गेली. काकांनी खिशातली पेन्सिल काढून कागदावर टिंब दिलं. त्या पायरीत मी लिहिलं होतं, 'आता नेहमीप्रमाणे लॉग-इन करा.'

चाचणी संपली, लवंगा चावून झाल्या, तेव्हा काका म्हणाले, "कोणाच्या नेहमीप्रमाणे गो?"

त्या एका लेखात एकवीस टिंबं निघाली. 'फक्त', 'सहज', 'अगदी सोपं आहे' हे शब्द त्यांनी सरसकट काढले. ज्याला जमत नाही त्याला 'सोपं आहे' म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख म्हणणं, असं त्यांचं मत. मी घरी जाऊन आईजवळ धुसफुसले की एक मिक्सरवाला म्हातारा आलाय आणि मला लिहायला शिकवतोय. पण लेख त्यांनी सांगितला तसा बदलला. महिन्याभरात डहाणू आणि कणकवलीकडच्या वाचनालयांकडून 'कपाट बसवलं, चालू आहे' असे निरोप आले. त्याआधी वर्षभरात आम्हाला असा एकही निरोप आला नव्हता. ब्लॉग मग आम्ही काकांच्याच हवाली केला.

माणूस तसा गमतीदार होता. सोसायटीच्या फळ्यावरच्या सूचना त्यांना बघवत नसत. 'उद्या पाणी येणार नाही' असं कोणी लावलं, की तासाभरात खाली पेन्सिलने बारीक अक्षर उमटायचं: 'किती वाजल्यापासून? किती वाजेपर्यंत? पिण्याचं की वापरायचं?' सेक्रेटरी वैतागून एकदा त्यांच्या दारात आला. त्याला चहा पाजून काकांनी वर्षभर पुरतील असे सूचनांचे नमुने लिहून दिले, गाळलेल्या जागांसकट. औषधांच्या दुकानात ते औषध घेऊन निघत नसत, आतला चिमुकला कागद तिथेच काउंटरवर उलगडून वाचत आणि मागची रांग बोंबलायला लागली की "एवढ्या बारीक अक्षरात लिहिणाऱ्यालाच हे औषध द्यायला हवं" म्हणत बाजूला होत. काकींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा मिक्सर ओट्यावर होता आणि त्याचं माहितीपत्रक भोक पाडून, दोऱ्यात ओवून, खिळ्याला टांगलेलं होतं. काकीसुद्धा ते वाचायच्या नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. "लेखकाच्या घरात हीच तऱ्हा," म्हणाले.

त्या फाइलीत सगळ्यात वर पत्रक नव्हतं, एक पोस्टकार्ड होतं. ते त्यांनी मला बऱ्याच महिन्यांनी दाखवलं, तेही मी विचारलं म्हणून. कराडजवळच्या एका गावातल्या बाईंनी लिहिलेलं. काकांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. कुकरच्या पत्रकात त्यांनी लिहिलं होतं, 'शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून झाकण उघडा.' वाफ जाईपर्यंत थांबा, हे लिहायचं राहिलं. हे काय सांगायचं, सगळ्यांना ठाऊकच असतं, असं वाटलं असणार. त्या बाईंच्या घरात तो पहिलाच कुकर. त्यांनी वाचलं, तसं केलं, हात आणि गळा भाजला. कार्डावर रागाचा एक शब्द नव्हता. शेवटचं वाक्य तेवढं काकांना पाठ होतं: 'आपले पुस्तक वाचूनच उघडले.'

काका रजा काढून एसटीने त्या गावाला गेले होते. बाईंना भेटले, माफी मागितली, परत येऊन पत्रक नव्याने लिहिलं आणि तेव्हापासून चाचणीशिवाय एक ओळ बाहेर जाऊ दिली नाही. लवंग तेव्हापासूनची. "शंभर माणसं वाचत नाहीत गो," ते मला म्हणाले, "पण एक माणूस वाचतो. आणि तो आपल्यावर विश्वास टाकून वाचतो. त्या एकासाठी लिहायचं." हे त्यांचं ब्लॉगविषयीचं सगळं तत्त्वज्ञान. माझं तोरणाचं तत्त्वज्ञान मी हळूच गुंडाळून ठेवलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

'कपाट'ची नवी आवृत्ती तयार झाली. जुन्या आवृत्तीतल्या नोंदी नव्यात कशा न्यायच्या यावर लेख हवा होता. काकांनी लिहिला, नेहमीसारखा स्वच्छ, नऊ पायऱ्यांचा. चाचणीला सुधाताई बसल्या. काकांनी लवंग तोंडात टाकली, हात मांडीखाली घातले आणि त्यांच्या चेहऱ्यावर नजर लावली. मीही खोलीत होते. सुधाताईंच्या कपाळावर शेवटपर्यंत एक आठी आली नाही. सगळ्या नोंदी सुखरूप नव्या आवृत्तीत उतरल्या. एकही टिंब न पडलेला हा काकांचा पहिला लेख, म्हणून त्या दिवशी रोहनने सगळ्यांना समोसे खिलवले.

घडलं होतं ते असं. सुधाताईंचा जन्म कार्बन कॉपी काढण्यात गेलेला. कोर्टात प्रत काढल्याशिवाय कागद टेबलावरून हलायचा नाही. त्यांनी पहिल्या पायरीच्या आधी, कोणी न सांगता, जुन्या नोंदींची एक प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि नवं रजिस्टर कुठे ठेवायचं असं प्रोग्रामने विचारलं तेव्हा जुनी जागा सोडून आणखी एका नव्या फोल्डरवर बोट ठेवलं. लेखात यातलं काहीच नव्हतं. पण त्यांना हे करताना विचारच करावा लागला नाही, मग कपाळाला आठी कुठून पडणार? आणि काका तर चेहऱ्याकडे बघत होते. पडद्याकडे बघितलं असतं तर दिसलं असतं.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात जयवंती नावाची बाई एक छोटं वाचनालय चालवते. नवऱ्याची बोट आहे, सासू बाजारात मासळी विकते, आणि घराच्या खालच्या दोन खोल्यांत हिची पुस्तकं. तिने काकांचा लेख वाचून नऊच्या नऊ पायऱ्या केल्या. नवं रजिस्टर कुठे ठेवायचं असं विचारल्यावर तिने साहजिकच जिथे जुनं होतं तीच जागा दाखवली. प्रोग्रामने जुन्या नोंदींवरच नवं, कोरं रजिस्टर लिहून टाकलं. दुसरी प्रत तिच्याकडे नव्हती.

तिचा फोन आला तेव्हा रविवारच होता, आम्ही सगळे मागच्या खोलीत होतो. रोहनने फोन स्पीकरवर टाकला. जयवंती ओरडली नाही, रडलीही नाही. ती परत परत एवढंच विचारत होती की आपलं कुठे चुकलं. मग तिला कळलं की काकाही तिथेच आहेत, तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही लिहिलंत तसंच केलं मी. एकेक ओळ वाचून."

काकांचा चेहरा मी बघितला. बघायला नको होता असं अजूनही वाटतं.

पुस्तकं होती कपाटात, त्यांची यादी पुन्हा करता आली असती. पण जयवंतीच्या रजिस्टरात 'शेरा' नावाचा एक रकाना होता, जो आमच्या कुठल्याच वाचनालयाने इतका मनापासून वापरला नव्हता. पुस्तक परत करताना प्रत्येकाला ती विचारायची, कसं वाटलं, आणि तो जे बोलेल ते तसंच लिहायची. सहा वर्षांचे शेरे होते. त्यातली काही माणसं आता हयातही नव्हती. ते सगळं गेलं.

फोन ठेवल्यावर रोहनचं म्हणणं पडलं की लेखात 'आधी प्रत काढा' ही पायरी घालू, झालं गेलं. पान गुपचूप दुरुस्त करता येतं, कोणाला कळणार नाही. बरीच नवी वाचनालयं 'कपाट' घ्यायच्या विचारात होती, त्यांना उगीच घाबरवायचं कशाला. काका म्हणाले, "नाही. लेख माझा, चूक माझी. ती दिसली पाहिजे." पुढल्या तासाभरात त्यांनी तिथेच बसून नवा लेख लिहिला. मथळा होता, 'माझ्या लेखामुळे एका वाचनालयाच्या नोंदी पुसल्या गेल्या'. खाली स्वतःचं पूर्ण नाव, दत्ताराम शंकर परब.

आता माझं सांगते. जुन्या नोंदींवर कोरं रजिस्टर लिहिणारा तो कोड माझा होता. जुनी जागाच दाखवली तर प्रोग्रामने थांबून विचारायला हवं, हे मला लिहितानाच कळलं होतं. मी त्या ठिकाणी कोडमध्ये स्वतःसाठी टीपही लिहून ठेवली होती: 'इथे आधी विचारायला हवं. नंतर बघू.' नंतर मी बघितलं नाही. काकांच्या लेखात एक पायरी राहिली हे खरं, पण माणूस एक पायरी विसरला म्हणून सहा वर्षं पुसून टाकणारं सॉफ्टवेअर मी बनवलं होतं. तासभर काका समोर बसून सगळा दोष आपल्या नावावर लिहीत होते. त्या दिवशी माझ्या तोंडात लवंग नव्हती, तरी मी गप्प बसले. घरी जाऊन तो कोड दुरुस्त केला आणि बदलांच्या यादीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

पुढचे तीन महिने काका रोज वेसाव्याला गेले. मुलुंडहून बसने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षा. वय सत्तरीच्या पुढे. आधी जयवंतीबरोबर बसून पुस्तकांची यादी केली. मग शेऱ्यांच्या मागे लागले. वही घेऊन गल्लीगल्लीतून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या खालून वाकून, घरोघर जायचे आणि विचारायचे, तुम्ही ते अमुक पुस्तक वाचलं होतंत, तेव्हा काय म्हणाला होतात? पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यांना सर्वेवाला समजून दारं लावून घेतली. नंतर जयवंतीची सासू त्यांच्याबरोबर फिरू लागली, मग दारं उघडली.

मी शनिवारी जायचे. मदत म्हणून जायचे असं सगळ्यांना सांगितलं होतं. तिथे जाळी विणणारे एक आजोबा होते. समुद्रावरच्या एका कादंबरीवर त्यांचा जुना शेरा असा होता की दर्याचं वर्णन खोटं आहे, लिहिणारा कधी बोटीत बसला नसावा. तो जयवंतीला आठवत होता. काकांनी त्यांना पुन्हा विचारलं, तर आजोबांनी हातातली सुई थांबवून विचार केला आणि म्हणाले, "बसला असंल. पण उलट्या करत." काकांनी दोन्ही शेरे लिहून घेतले, आधीचा आणि आताचा. परत येताना मेट्रोत ते त्यावर एकटेच हसत होते, आणि त्यांना हसताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना सगळं सांगायचं ठरवलं. घाटकोपर आलं तेव्हा सांगितलं नव्हतं.

शेऱ्यांपैकी निम्मे-शिम्मे परत मिळाले असतील. जयवंतीने काकांना कधी दोष दिला नाही. उलट ते निघाले की ती पिशवीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, बांधून द्यायची. पण काकांनी ब्लॉगला हात लावणं सोडलं. रोहनने विनवलं, सुधाताईंनी समजावलं. सुधाताईंनी तर प्रत काढल्याबद्दल माफी मागितली, बिचाऱ्यांनी, आयुष्यभर जे बरोबर केलं त्याबद्दल. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "दोनदा झालं. आता माझ्या लेखाचा भरवसा धरू नका." ब्लॉग ओस पडला. मी पुन्हा कोड लिहीत बसले, आता अगदी विचारपूर्वक, प्रत्येक ठिकाणी थांबून विचारणारा. तो चांगलाच कोड होता. त्याने माझं काहीच हलकं झालं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमाराला काकांना हृदयविकाराचा झटका आला. आठ दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आले, पण दोन जिने उतरायला डॉक्टरांनी मनाई केली. रविवारची खोली सुटली, वेसाव्याच्या अधूनमधूनच्या फेऱ्याही सुटल्या. मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून, औषधांच्या डब्यांतले कागद इस्त्री केल्यासारखे सरळ करून एकावर एक ठेवत होते. मी अर्धा तास बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि उठून आले. खाली उतरले तर सोसायटीच्या फळ्यावर 'टाकी धुण्याचे काम आहे' अशी सूचना होती. कधी, किती वेळ, काहीच नाही. खाली पेन्सिलीचं अक्षरही नव्हतं. मी तिथे उभी राहून रडले, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या आठवड्यात मी लेख लिहिला. साधाच. वेसाव्याच्या नोंदी का पुसल्या गेल्या हा विषय. कोड कुठे चुकला, तो कोणी लिहिला, टीप काय होती, ती कधीची होती. मला माहीत होतं आणि मी परबकाकांना दोष घेऊ दिला. पुढे आता काय दुरुस्त केलं आहे ते. 'फक्त' नाही, 'सहज' नाही. सात वेळा लिहिला. रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, काका, चाचणी घ्यायची आहे, तुम्हीच वाचणारे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. उशीखालून डबी काढली आणि एक लवंग माझ्या तळहातावर ठेवली. मी स्टूल ओढलं, लवंग तोंडात टाकली, हात मांडीखाली घातले. त्यांनी चष्मा लावला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. ते वाचताना ओठ हलवायचे, त्यामुळे कुठल्या ओळीवर आहेत ते मला कळत होतं. कोड माझा होता, ही ओळ आली आणि गेली. टीप आली आणि गेली. मग ती ओळ आली, 'मला माहीत होतं', आणि मी त्यांच्या कपाळाकडे जीव मुठीत धरून बघत राहिले. कपाळ तसंच राहिलं. एक रेघ नाही. अगदी ओळखीची वाट चालावी तसे ते त्या ओळीवरून पुढे गेले.

आठी आली ती शेवटच्या वाक्याला. तिथे मी लिहिलं होतं, 'आता ही दुरुस्ती झाली आहे, काळजी नसावी.'

"काळजी नसावी, ह्या काढ," ते म्हणाले. "काळजी असूक व्हयी."

मी मान हलवली. मग नियम मोडून लवंग गालात सरकवली आणि विचारलं, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी पडद्याकडे कधी बघतो? जयवंतीचा फोन आला, त्या रविवारी तुझा चेहरा बघितला होता."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तोंडात लवंग होती गो," काका म्हणाले.

'काळजी नसावी' मी काढलं. लेख ब्लॉगवर टाकायचं बटण मी त्यांच्यापुढे केलं, तर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी बटण दाबलं आणि वर पाहिलं. काका पलंगावर ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत. त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले. मला ते आठवतात ते असेच.